मुदतबाईंची चार चाकं

मोठ्या इस्पितळाच्या औषध भांडारात त्यांनी बत्तीस वर्षं काढली, आणि तेवढ्या काळात एकही गोळी तारीख वाचल्याशिवाय त्यांच्या खिडकीतून बाहेर गेली नाही. म्हणून नाव पडलं मुदतबाई. ठेवणाऱ्यांनी ते पाठीमागे ठेवलं होतं, पण बाईंच्या कानावर आलं आणि आवडलंही. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी सवय गेली नव्हती. दुधाची पिशवी असो, बिस्किटांचा पुडा असो की शेजारणीने प्रेमाने आणलेली जॅमची बरणी, बाईंच्या हातात आली की आधी उलटी व्हायची आणि मगच घरात जायची. शेजारीण हल्ली दारातच तारीख सांगून टाकायची.

तर अशा मुदतबाई मंगळवारी सकाळी साडेनऊला आपली तेरा वर्षांची छोटी पांढरी गाडी घेऊन टायरच्या दुकानात शिरल्या. गाडी पुढच्या डाव्या बाजूला स्टेपनीवर होती. मूळचं चाक मागच्या सीटवर वर्तमानपत्रावर पडलं होतं, आणि त्याच्या रिमची कड एका जागी आत वाकलेली होती.

या वाकलेल्या कडेवरून घरात आठवडाभर रणकंदन माजलं होतं. बाईंचा मुलगा विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्यांचं नुकसान तपासायचा. त्याने आईच्या रिमलाही सोडलं नाही. टेप लावून फोटो काढले, डाव्या बाजूची दोन्ही चाकं घासलेली दाखवली, आणि जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून म्हणाला, "हा पुरावा आहे, आई. तुला आता अंतराचा अंदाज येत नाही. गाडी बंद."

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात सगळं ठीक सांगितलंय," बाई म्हणाल्या.

"ते अक्षरं वाचायला लावतात. फुटपाथ वाचायला लावत नाहीत."

सून हसली, आणि बाईंना ते झोंबलं. उत्तर त्यांच्याकडे होतं, पण ते द्यायची मुभा नव्हती. उत्तर होतं त्यांची थोरली बहीण, ताई. ताई चौऱ्याहत्तरची, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून रोज साडेअकराला तिला व्यायामाच्या केंद्रात न्यावं लागे, आणि ते काम बाईंकडे होतं. ताई काठी टेकत सपाटीवर चालायची. पण तिचा डावा पाय वर उचलला जात नव्हता. रस्त्यावर उतरून पुन्हा फुटपाथवर चढणं तिला अशक्य होतं. म्हणून बाई गाडी फुटपाथला अशी चिकटवून उभी करायच्या की ताईचा पाय फुटपाथवरून थेट गाडीत जावा. जुनी कड बुटकी होती, तिला नुसतं रबर टेकायचं. तीन आठवड्यांपूर्वी ताईच्या इमारतीसमोर नवे दगड बसवले, वीतभर उंच आणि धारदार. तेव्हापासून रबराच्या आधी रिम लागायला लागली, आणि गेल्या सोमवारी एका दगडाने ती वाकवली.

हे सांगून टाकलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ताईने बाईंकडून वचन घेतलं होतं. "पाय उचलत नाही हे तुझ्या मुलाला सांगू नकोस," ती म्हणाली होती. "तो चांगलाय, पण कामाचा माणूस आहे. दुसऱ्या दिवशी मला वृद्धांच्या निवासात नेऊन टाकेल." त्या निवासाचं रंगीत पत्रक मुलाच्या टेबलावर बाईंनी स्वतः पाहिलं होतं. तेव्हा बाई गप्प बसल्या. गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

शेवटी मुलगाच नरमला. "टायर बदलून घे तूर्त," तो म्हणाला. "मी दुकानात सांगून ठेवतो." बाईंना वाटलं, चला, आला ताळ्यावर. इतक्या सहज आपला मुलगा ताळ्यावर येत नाही हे बत्तीस वर्षं माणसं पारखलेल्या बाईला कळायला हवं होतं. पण आई झाली की हुशार बाईसुद्धा कुठेतरी मठ्ठ होते.

"या काकू, तुमचं सगळं तयार आहे," टायरवाला म्हणाला. जाडजूड, हसरा माणूस, बोटांच्या पेरांत कायमचं काळं. "चार टायर काढून ठेवलेत. जुनी लोखंडी रिमही मिळाली तुमच्या मापाची. तासाभरात मोकळ्या तुम्ही."

"मला लोखंडी नकोत. अलॉयच्या बघायच्यात, चारही."

टायरवाल्याच्या चेहऱ्यावर दिवा लागला. भिंतीवर रिमा टांगल्या होत्या, काळ्या, चंदेरी, जाळीच्या, पात्यांच्या. त्याने लगेच सोळा इंची काढून काउंटरवर ठेवली. "ही घ्या. गाडी दहा वर्षांनी तरुण दिसेल. यावर एकशे पंच्याण्णव, पंचेचाळीसचा टायर."

"पंचेचाळीस म्हणजे टक्के ना? रुंदीच्या पंचेचाळीस टक्के उंची?"

"हो, बरोबर. तुम्हाला कसं माहीत?"

मुलांच्या वजनावरून औषधाची मात्रा काढण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना टक्के शिकवायला निघाला होता बिचारा. बाईंनी पर्समधून जुन्या पाकिटाचा तुकडा काढला. "म्हणजे रबर अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर. माझं आत्ताचं एकशे पंच्याहत्तर, पासष्ट. म्हणजे जवळजवळ एकशे चौदा. सव्वीस मिलिमीटर कमी झालं की." त्यांनी दोन बोटं जोडून त्याच्यासमोर धरली. "हे एवढं. खड्डा आणि माणसाचा मणका यांच्यामध्ये एवढं रबर असतं, आणि तेवढंच तुम्ही काढून घेताय."

"पण दिसायला..."

"दिसायला मी रोज आत बसलेली असते. मला कुठे दिसतंय?"

मागे जॅकपाशी बसलेला म्हातारा फिटर खुदकन हसला. त्याचे केस पिकले होते, आणि कानामागे खडू खोचलेला होता. तो उठून आला, हात पुसले आणि विचारलं, "चालवता कुठे, बाई? आणि घासते कुठे?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी सरळ प्रश्न विचारला होता. बाईंनीही सरळ सांगितलं. दगडाची उंची हाताने दाखवली, चाक किती जवळ न्यावं लागतं ते दाखवलं. कुणासाठी ते सांगितलं नाही, आणि फिटरने विचारलं नाही.

"मग चौदा इंचच ठेवा," तो म्हणाला. "रिम बाहेर येणारी घेऊ नका. काही रिमा चाक बाहेर काढतात, शान दिसते आणि पहिली तीच घासते. तुमच्या कंपनीच्या रिमेइतकीच आत बसणारी घ्या. आणि टायर एकशे पंच्याऐंशी, पासष्टचा. रबर सहा मिलिमीटर वाढतं, आणि त्याच्या कडेला हा कंगोरा बघा." त्याने एका टायरची बाजू पुढे केली. रबराचा जाड काठ सभोवार बाहेर आला होता. "दगडाला आधी हा लागेल. रिम याच्या आड राहते."

बाईंनी कंगोऱ्यावरून अंगठा फिरवला. त्यांना इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांनी चष्मा पुसला. मग भिंतीवर बोट दाखवून त्या म्हणाल्या, "ती तांब्याच्या रंगाची चौदात आहे?"

"आहे," टायरवाला म्हणाला, "पण काकू, तुमच्या वयाची माणसं चंदेरी घेतात. तांबडी कॉलेजची मुलं नेतात."

"मग त्यांच्यासाठी एक जोड कमी पडेल आज."

रिमच्या मधल्या भोकाला हबवर, म्हणजे आसाच्या तोंडावर, घट्ट बसणारी रिंग लागते, आणि कंपनीचे नट अलॉयला चालत नाहीत, त्यांचं तोंड वेगळं असतं, हे सगळं बाईंनी पाकिटावर लिहून घेतलं. टायरवाला वही पुढे ओढत म्हणाला, "ठरलं तर. रिमा तांबड्या. टायर मात्र काढून ठेवलेत तेच टाकू. माप जरा अरुंद आहे, पण चालतं. चिरंजीवांचंच तसं सांगणं होतं."

ते चार टायर दाराशी एकावर एक रचले होते. काळे कुळकुळीत, अंगावर रबराचे बारीक केसही शाबूत. बाई त्यांच्यापाशी गेल्या, वाकल्या, आणि सवयीने तारीख शोधायला लागल्या. प्रत्येक वस्तूवर कुठे ना कुठे असतेच. फिटरने खडूने जागा दाखवली. चार आकडे, लांबट चौकटीत.

"पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल," तो हळूच म्हणाला.

बाईंनी वाचलं. दुसरा टायर वाचला, तिसरा, चौथा. चारही पाच वर्षांपूर्वीचे.

"हे पाच वर्षं पडून आहेत."

"सावलीत होते, काकू. आणि तुमच्या वापराला पुष्कळ आहेत."

"माझा वापर रोजचा आहे. अठ्ठावीस किलोमीटर. सहा वर्षं चालायला हवेत मला."

टायरवाला अवघडला. वहीचं पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," तो म्हणाला. "चिरंजीव म्हणाले, गाडी या महिन्यात जातेय. त्यांच्या मेव्हण्याला. तो शनिवारी बघायला येणारे. दिसायला नवे टायर हवेत, एवढंच. म्हणून मी हे काढले, उगाच ताजे कशाला घालवा."

दुकानात हवेचा कॉम्प्रेसर घरघरत होता. बाई टायरांच्या चळतीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

राग यायला हवा होता तो टायरवाल्याचा, आणि तोच नेमका येत नव्हता. कारण त्याने केलं होतं ते बाईंनी बत्तीस वर्षं केलं होतं. भांडारात औषध यायचं तेव्हा त्यांचा नियमच होता: पाच दिवसांचा कोर्स असेल त्याला जवळच्या मुदतीचं द्यायचं, वर्षभर घ्यायचं असेल त्याला ताजं. वाया काही जात नाही, नुकसान कुणाचं होत नाही. चिठ्ठी बघायची, कोर्स किती दिवसांचा ते बघायचं, आणि हात आपोआप त्या त्या कप्प्यात जायचा. टायरवाल्याचा हातही तसाच गेला होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, हिचा कोर्स छोटा आहे. आणि ती चिठ्ठी पोटच्या पोराने लिहून दिली होती.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं, आणि त्या रागाच्या तळाशी भीती होती. शनिवारी गाडी गेली तर रविवारपासून ताई घरात. महिन्याभरात ताई त्या रंगीत पत्रकातल्या खोलीत.

"हे उचला," त्या म्हणाल्या. "आणि आतून ताजे काढा. त्या कंगोऱ्याचे."

"काकू, चिरंजीवांना एकदा..."

"करा ना फोन. बोलवाच त्यांना."

मुलाचं ऑफिस दोन चौक पलीकडे होतं. तो आला तेव्हा गाडी चारही बाजूंनी वर उचललेली होती, तीन तांबड्या रिमा बसल्या होत्या, आणि आई फिटरशेजारी उभी राहून चौथ्या टायरची तारीख वाचत होती. अकरा आठवड्यांपूर्वीची.

"आई, हे काय चाललंय?"

"चाकं बसवतेय."

"तांबडी?"

"तुला रंगाचा प्रश्न पडलाय?"

त्याने टायरवाल्याकडे बघितलं. टायरवाल्याला एकाएकी व्हॉल्वच्या डबीत फार काम निघालं.

"मी तुला सांगणारच होतो," मुलगा म्हणाला. "रविवारी. शांतपणे."

"गाडी शनिवारी विकून रविवारी सांगणार होतास."

"तू ऐकत नाहीस म्हणून. आई, मी रोज ठोकलेल्या गाड्या बघतो. आत कोण बसलं होतं तेही बघतो. मला तुझ्या गाडीचा रिपोर्ट लिहायचा नाहीये." हे बोलताना त्याचा आवाज खरोखर कापला, आणि बाईंना ते कळलं. पण कळलं म्हणून त्या विरघळल्या नाहीत.

"लिहिलास की," त्या म्हणाल्या. "फोटो काढलेस, टेप लावलीस. एक विचारते, तू या कामातला जाणता म्हणून. ज्या बाईला अंतर कळत नाही, तिचा बंपर कसा एवढा धड? उजव्या बाजूला ओरखडा का नाही? सगळं घासलेलं डावीकडेच, आणि सगळं एकाच उंचीवर. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर तू विचारलं असतंस. आईची होती म्हणून विचारलं नाहीस."

 मुलगा गाडीला फेरी मारून आला. बंपर पाहिला, उजवी बाजू पाहिली.

"मग कशाने घासते?" त्याने विचारलं.

"ते सांगायची मला परवानगी नाही. दाखवायची नाही असं कुणी म्हटलेलं नाही. बस गाडीत."

फिटरने शेवटचा नट पान्याने आवळला, कट्कन आवाज आला. "शंभर किलोमीटर झाले की परत या. नट पुन्हा आवळून देतो," तो म्हणाला. बाईंनी पाकिटावर तेही लिहिलं. फिटरने टायरातून सोडवलेली वाकलेली रिम त्यांनी मुलाच्या हातात दिली.

"ही कशाला?"

"पुरावा आहे. मांडीवर धर."

गाडी रस्त्याला लागली आणि बाईंना पहिल्याच खड्ड्यात फरक कळला. चाक जाऊन आलं, आणि पाठीला काही झालं नाही.  मुलगा शेजारी रिम मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या पँटीवर गंजाचा अर्धगोल उमटला होता, आणि मधूनच तो आईच्या हातांकडे बघत होता. तिने गियर बदलला, सायकलवाल्याला वाट दिली, आरशात पाहिलं. गेल्या कित्येक वर्षांत तो आईशेजारी बसला नव्हता. नेहमी तोच चालवायचा.

ताईच्या इमारतीपाशी ताई काठी टेकून फुटपाथवर उभी होती, रोजच्या जागी, रोजच्या वेळी. शेजारच्या सीटवर भाचा बघून तिचा चेहरा उतरला. बाई अलीकडेच थांबल्या. मुलगा रिम घेऊन खाली उतरला, फुटपाथवर चढला, आणि सवयीने रिकामा हात वर करून आईला इशारे करायला लागला. ये, ये. एक हात अंतर राहिलं. वीतभर राहिलं. त्याने पंजा उघडून थांब म्हटलं.

बाई थांबल्या नाहीत. त्यांनी चाक आणखी जवळ आणलं, आणखी, आणि रबराचा कंगोरा दगडाला टेकला. घासल्याचा आवाज आला नाही. तांबडी रिम दगडापासून बोटभर आत, जशीच्या तशी.

"दिसतंय मला," त्या खिडकीतून म्हणाल्या.

ताई जागची हलली नाही. एकदा बहिणीकडे बघितलं, एकदा भाच्याकडे. आज उशीर होतोय असं काहीतरी सांगून परत जाता आलं असतं. पण चार नवी चाकं तिला दिसली होती, आणि आपल्या बहिणीची हनुवटीही दिसली होती. ती हनुवटी लहानपणापासून एकाच कारणाने वर जायची, बहिणीने काही पक्कं ठरवलं की. ताईने दार उघडलं, दाराची चौकट धरली, आणि डावा पाय तसाच, न उचलता, दगडावरून गाडीत सरकवला. मग दुसरा. बसली.

मुलगा बघत राहिला. मग खाली बसला, आणि हातातली रिम दगडाशी नेली. धारेवर रुपेरी ओरखड्यांची पट्टी होती, तीन आठवड्यांची, एकावर एक. रिमेचा वाकलेला भाग त्याने दगडाच्या धारेला लावून पाहिला. चपखल बसला.

"मावशी," तो म्हणाला, "तुझा पाय कधीपासून..."

"माझा पाय माझ्याजवळ आहे," ताई म्हणाली. "तू तुझं बघ. हे कसलं भांडं घेऊन फिरतोस?"

"पुरावा," तो म्हणाला. आवाज पार खाली गेला होता.

ताईने काठी गुडघ्यांत धरली आणि पट्टा लावला.  "नवी चाकं," ती बहिणीला म्हणाली. "किती दिवस टिकतील गं?"

"सहा वर्षं."

"म्हणजे मी ऐंशीची."

"हो. आणि तेव्हा पुन्हा बदलू."

मुलगा अजून फुटपाथवर उभा होता, रिम पोटाशी धरून. "आई," तो म्हणाला, "तो शनिवारी येणारे. मी काय सांगू त्याला?"

बाईंनी डावीकडे वाकून ताईच्या खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं. प्रेमाने पाहिलं, आणि राग जराही कमी न करता पाहिलं.

"टायरवर तारीख आहे, ती वाचून दाखव," त्या म्हणाल्या. "आणि सांग, सहा वर्षांनी ये. आणि तुझा बसस्टॉप पुढच्या वळणावर आहे."

मग त्यांनी उजवा इंडिकेटर लावला, आरशात पाहिलं आणि गाडी काढली.